गाडी मोठी की खर्च मोठा?

 

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस-सोयाबीनचा पैसा हाती आला की घराघरात एक विषय निघतो. गाडी घ्यायची का? पोरगं म्हणतं, घ्यायची तर मोठीच घ्या, सात सीटची. घरधनी म्हणतात, लहान घेऊ, ॲव्हरेज चांगलं देते. शोरूमवाला म्हणतो गॅसची घ्या, आणि टीव्हीवरची जाहिरात म्हणते विजेची घ्या. या सगळ्या बोलण्यात घरातल्या बाईला शेवटी बोलावतात ते कर्जाच्या कागदावर सही करायला. सहकर्जदार म्हणून सही तुमची असते आणि हप्ता थकला तर बँकेचा माणूस तुमच्याच दारी येतो. म्हणून गाडीचा हिशोब बाईला आला पाहिजे. तो फार अवघड नाही. दुधाचा, किराण्याचा, गटाच्या कर्जाचा हिशोब ज्या बाईला येतो, तिला हाही येतो.

आजच्या भाषणात भाव मी गोल धरले आहेत. पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९३ रुपये लिटर, गाडीचा गॅस म्हणजे सीएनजी ९० रुपये किलो आणि वीज १० रुपये युनिट. भाव रोज बदलतात. तुमच्या पंपावरचा भाव घाला आणि हाच हिशोब पुन्हा मांडा.

मोठी गाडी जास्त का पिते?

पहिलं कारण वजन. डोक्यावर रिकामी घागर घेऊन चालणं वेगळं आणि भरलेली घागर घेऊन चढ चढणं वेगळं. लहानात लहान चारचाकी गाडीचं वजन साधारण साडेसातशे किलो असतं. जुन्या धाटणीच्या दणकट जीपवजा गाडीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. आत एकच माणूस बसला तरी ते दीड टन लोखंड प्रत्येक वेळी जागेवरून हलवावं लागतं, आणि दर गतिरोधकाला थांबून पुन्हा हलवावं लागतं. त्याचं इंधन आपल्या खिशातून जातं.

दुसरं कारण वारा. गाडी पळते तेव्हा समोरची हवा बाजूला सारत पळते. उंच, रुंद, चौकोनी तोंडाची गाडी जास्त हवा ढकलते. इथे वेगाचा मोठा खेळ आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. म्हणून नागपूरच्या रस्त्यावर ताशी १०० ने पळणारी गाडी ६० ने चालणाऱ्या गाडीपेक्षा बरंच जास्त पिते.

तिसरं कारण इंजिन. पेट्रोल जाळून जी शक्ती निघते, तिचा चौथा किंवा फार तर तिसरा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होऊन उडून जाते. बोनेट तापतं ते यामुळेच. मोठं इंजिन सिग्नलवर नुसतं सुरू ठेवलं तरी जास्त जाळतं.

मग कंपन्या मोठ्याच गाड्या का खपवतात? त्याची गोष्ट जुनी आहे. १९७३ साली अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत तेलाचा भाव चौपट झाला. तेव्हा अमेरिकेने १९७५ साली कायदा केला की कंपनीच्या गाड्यांचं सरासरी ॲव्हरेज अमुक इतकं असलंच पाहिजे. पण शेतकऱ्यांच्या, कारागिरांच्या मालवाहू छोट्या ट्रकसाठी नियम सैल ठेवला. कंपन्यांनी त्याच ट्रकच्या सांगाड्यावर घरगुती मोठ्या गाड्या बांधल्या आणि त्या सैल नियमात बसवल्या. हीच मोठ्या गाड्यांची लाट पुढे जगभर गेली. आपल्या देशातही २०१७ पासून कंपन्यांना सरासरी इंधनाचा नियम लागू आहे, पण जड गाड्या बनवणाऱ्या कंपनीला त्यात थोडी जास्त सूट मिळते. आज देशात विकल्या जाणाऱ्या घरगुती गाड्यांत निम्म्याहून जास्त गाड्या या उंच, मोठ्या प्रकारातल्या आहेत.

आपल्याला लागणारं कच्चं तेल मात्र शंभरातलं पंचाऐंशीच्या वर बाहेरून येतं. म्हणून दूर कुठे लढाई झाली की यवतमाळच्या पंपावर चर्चा सुरू होते.

कागदावरचं ॲव्हरेज आणि रस्त्यावरचं ॲव्हरेज

शोरूममध्ये कागदावर लिहिलेलं ॲव्हरेज असतं. अल्टो के-१० ला साधारण २४, एर्टिगाच्या पेट्रोल गाडीला साधारण साडेवीस, असे आकडे कंपनी जाहीर करते. हे आकडे खोटे नसतात. पण ते प्रयोगशाळेत काढलेले असतात. पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या ठिकाणी गाडी रुळांवर उभी करून, ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ चालवतात. तिथे पांढरकवड्याचं ऊन नसतं, पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल नसतो, खड्डे नसतात आणि मागच्या सीटवर तुरीचं पोतंही नसतं. म्हणून आपल्या रस्त्यावर त्यापेक्षा कमीच मिळतं.

खरं ॲव्हरेज काढायची रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरा आणि मीटरचा आकडा वहीत लिहा. दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा. मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. समजा ३०० किलोमीटर झाले आणि २० लिटर लागलं, तर ३०० भागिले २०, म्हणजे १५ चं ॲव्हरेज. गावात ज्यांच्याकडे तशी गाडी आहे त्यांच्याकडून हा आकडा घ्या. तो शोरूमच्या कागदापेक्षा जास्त कामाचा.

रिकामी सीट सगळ्यात महाग

आता हिशोब करू. तुमच्या गावापासून यवतमाळ ५० किलोमीटर आहे असं धरा. जाऊन-येऊन १०० किलोमीटर झाले.

लहान पेट्रोल गाडी आपल्या रस्त्यावर लिटरला १८ देते असं धरू. किलोमीटरला ५ रुपये ८० पैसे पडले, म्हणजे फेरीला सुमारे ५८० रुपये. सात सीटची डिझेल गाडी लिटरला १२ देते असं धरू. किलोमीटरला पावणेआठ रुपये, फेरीला ७७५ रुपये.

इथवर लहान गाडी जिंकली. आता माणसं मोजा. लहान गाडीत दोघंच गेले तर माणशी २९० रुपये. मोठ्या गाडीत सात जण गेले तर माणशी १११ रुपये. पण त्याच मोठ्या गाडीत दोघंच गेले तर माणशी जवळजवळ ३९० रुपये. मोटरसायकल लिटरला ५५ देत असेल तर दोघांची फेरी १९० रुपयांत होते, माणशी ९५.

आणि एसटी? लाल परी लिटरला चार-साडेचार किलोमीटरच देते. म्हणजे एका किलोमीटरला एकवीस ते तेवीस रुपयांचं डिझेल. ऐकायला भयंकर वाटतं. पण तिच्यात ४० माणसं बसली की माणशी किलोमीटरला ५०-६० पैशांचं डिझेल. रस्त्यावरची सगळ्यात मोठी गाडी माणशी सगळ्यात स्वस्त पडते, कारण तिच्या सीटा भरलेल्या असतात. म्हणून गाडी मोठी की लहान हे विचारण्याआधी हे विचारा, की तिच्या सीटा वर्षातून किती दिवस भरणार आहेत? माहूरची यात्रा, दोन-तीन लग्नं, दिवाळीचं माहेरपण. बाकीचे तीनशे दिवस मागच्या पाच सीटा रिकाम्याच फिरणार असतील, तर त्या रिकाम्या सीटांचं इंधन आपण भरतो आहोत.

एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. ७५ वर्षांच्या वरच्या म्हाताऱ्या माणसांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. ज्या गावाला दिवसातून दोनच फेऱ्या येतात तिथे या सवलतीचं मोल निम्मंच राहतं, हे खरं. त्यासाठी ग्रामसभेत फेरी वाढवण्याचा ठराव करून आगार व्यवस्थापकाकडे देणं, हेही इंधन वाचवण्याचंच काम आहे.

इंधनापेक्षा हप्ता मोठा

ॲव्हरेजच्या गप्पांत आपण एक मोठा खर्च विसरतो, तो म्हणजे हप्ता.

मोठ्या गाडीसाठी ८ लाख कर्ज घेतलं, १० टक्के व्याज, पाच वर्षं मुदत. महिन्याचा हप्ता बसतो १७ हजार रुपये. पाच वर्षांत फक्त व्याजाचे २ लाख २० हजार जातात. लहान गाडीसाठी ४ लाख कर्ज घेतलं तर हप्ता साडेआठ हजार. म्हणजे महिन्याला हप्त्यातच साडेआठ हजारांचा फरक.

आता घरची गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालते असं धरा. लहान गाडीचं इंधन २,९०० रुपये आणि मोठ्या गाडीचं ३,८७५ रुपये. फरक हजार रुपयांच्या आतला. एकीकडे इंधनाचा फरक हजार आणि दुसरीकडे हप्त्याचा फरक साडेआठ हजार. जी गाडी कमी फिरते, तिच्यात ॲव्हरेजपेक्षा किंमत महत्त्वाची असते. आणि शेतकऱ्याच्या घरात महिन्याच्या महिन्याला पैसा येत नाही. पैसा येतो हंगामाला आणि हप्ता येतो दर महिन्याला. बोंडअळीने किंवा अतिपावसाने एक हंगाम गेला तरी हप्ता थांबत नाही.

तिसरा रस्ताही मोजून बघा. गरजेला गावातली गाडी भाड्याने सांगितली आणि किलोमीटरला १५ रुपये धरले, तर ५०० किलोमीटरचे झाले साडेसात हजार. स्वतःच्या मोठ्या गाडीचा हप्ता आणि डिझेल मिळून जवळजवळ २१ हजार गेले, त्यात विमा, टायर, सर्व्हिसिंग अजून धरलंच नाही. पाच वर्षांनी गाडी आपली राहते हे खरं, पण तोवर तिची किंमतही बरीच उतरलेली असते.

कोणी म्हणेल, ताई, रात्री-अपरात्री बाळंतपणाला, साप चावल्यावर घरची गाडी लागते. अगदी खरी चिंता आहे. पण त्यासाठी १०८ नंबरची रुग्णवाहिका आहे, आणि गरोदर बाईला दवाखान्यात न्यायला-आणायला १०२ नंबरची गाडी आहे, दोन्ही मोफत. हे दोन नंबर घराच्या दारामागे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. सोबत गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर लिहा.

गॅस, इथेनॉल, वीज आणि शेण

आता पेट्रोल-डिझेलऐवजी दुसरं काय, ते एकेक पाहू.

सीएनजी. हा जमिनीतून निघणारा वायू, दाबून टाकीत भरलेला. सात सीटची पेट्रोल गाडी लिटरला १४ देते आणि तीच गॅसची गाडी किलोला २० देते असं धरा. पेट्रोलवर किलोमीटरला साडेसात रुपये आणि गॅसवर साडेचार. तीन रुपये वाचले. पण कंपनीतून गॅस बसवून आलेली गाडी साधारण ९० हजारांनी महाग पडते. महिन्याला ५०० किलोमीटर चालली तर महिन्याला दीड हजार वाचतात आणि ९० हजार वसूल व्हायला पाच वर्षं लागतात. तीच गाडी भाड्यावर महिन्याला ३,००० किलोमीटर चालली तर ९ हजार वाचतात आणि दहा महिन्यांत पैसे वसूल. म्हणून गॅस हा रोज पळणाऱ्या गाडीचा सोबती आहे.

दुसरा प्रश्न पंपाचा. टाकीत दहा किलो गॅस बसला तर २०० किलोमीटर जाणार. पंप ४० किलोमीटरवर असेल, तर गॅस आणायला जाऊन-येऊन ८० किलोमीटर त्यातच गेले. गाडीचा इसार देण्याआधी जवळचा गॅस पंप किती दूर आहे आणि तिथे रांग किती लागते, हे स्वतः जाऊन बघा. आणि एक इशारा. स्वयंपाकाचं सिलिंडर गाडीला जोडणं गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. अशा गाडीत पोरांना बसवू नका.

इथेनॉल. ही उसाच्या मळीपासून, मक्यापासून, तुकडा तांदळापासून बनवलेली दारूच, पण इंधनाची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. परदेशातून कमी तेल आणावं लागतं आणि शेतमालाला गिऱ्हाईक मिळतं, हा फायदा. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ताकद कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं आहे की बिनइथेनॉलच्या पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि १० टक्क्यांच्या मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज २० टक्क्यांच्या मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी, आणि तशाच दुचाकीचं तीन-चार टक्क्यांनी कमी होऊ शकतं. नव्या गाड्या या मिश्रणासाठीच तयार होतात, त्यांना तेवढा फरक पडत नाही. म्हणून जुनी गाडी विकत घेताना मेकॅनिकला एवढं विचारा, की हिच्या रबराच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या आहेत का?

इथेनॉलवर चालणाऱ्या बसचा अनुभव आपल्या शेजारीच आहे. नागपुरात २०१४ साली इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आली. मोठं कौतुक झालं. पण २०१८ मध्ये ती सेवा बंद पडली. तसंच २००३ नंतर देशभर चंद्रज्योतीच्या म्हणजे जट्रोफाच्या बियांतून डिझेल काढायचा गाजावाजा झाला. पडीक जमिनीत झाडं लावली, पण बिया अपेक्षेइतक्या आल्याच नाहीत. नवं इंधन चांगलं असू शकतं, पण ते रोज मिळेल का, त्या भावात मिळेल का, दुरुस्ती करणारा जवळ आहे का, हे तीन प्रश्न त्याला विचारावेच लागतात.

वीज. इथे सगळ्यात मोठा फायदा दुचाकीचा आहे. विजेची मोटर शक्ती फारशी वाया घालवत नाही. विजेची स्कूटर साधारण साडेतीन युनिटमध्ये ९०-१०० किलोमीटर जाते, म्हणजे ३५ रुपयांत. पेट्रोलची स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर तेवढ्याच अंतराला २३० रुपये लागतात. आपल्या बँक सखी, कृषी सखी, पशुसखी, आशाताई रोज गावोगाव फिरतात. दिवसाला ३० किलोमीटर, महिन्याला २५ दिवस धरले तर ७५० किलोमीटर झाले. पेट्रोलला १,७५० रुपये आणि विजेला २६०. महिन्याला जवळजवळ दीड हजार वाचले. युनिटं वाढली की बिलाचा टप्पा वरचा लागू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

मात्र तीन गोष्टी तपासा. बॅटरीची हमी किती वर्षांची आहे, ती लेखी घ्या. बॅटरी बदलायला किती लागतील, तो आकडा आजच विचारा. आणि दुरुस्ती यवतमाळला होते की नागपूरला पाठवावी लागते, हे पाहा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तापलेल्या बॅटरीला लगेच चार्जिंगला लावू नका. सावलीत तासभर थंड होऊ द्या. चार्जिंगसाठी अर्थिंग असलेलं पक्कं बोर्ड बसवून घ्या, लटकत्या वायरवर चार्जिंग करू नका.

विजेची गाडी धूर सोडत नाही, पण वीज कुठून येते तेही पाहू. आपल्या वणीला कोळशाच्या खाणी आहेत आणि शेजारच्या चंद्रपूरला कोळशावर चालणारं मोठं वीज केंद्र आहे. म्हणजे धूर आपल्या रस्त्यावरून उठला आणि तिकडे गेला. तो पूर्ण संपायचा तर वीज सूर्याची हवी. घराच्या छपरावर सौर पॅनलसाठी फेब्रुवारी २०२४ पासून केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे. तिच्यात तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं.

शेणाचा गॅस. २५ किलो ताज्या शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो. चार-पाच जनावरांच्या शेणावर दोन घनमीटरचं सयंत्र चालतं आणि महिन्याला पावणेदोन सिलिंडरइतका गॅस देतं. तोच गॅस शुद्ध करून, त्यातला नको असलेला वायू काढून, मोठ्या दाबाने भरला तर गाडीही चालते. गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात दूध संघाने असा पंप चालवून दाखवला आहे. पण ते काम घरच्या परसातलं नाही, त्याला मोठी यंत्रं आणि अनेक गावांचं शेण लागतं. घरच्या शेणाचा गॅस आधी चुलीला वापरा. तिथे तो आजच पैसे वाचवतो, पऱ्हाटीचा धूर वाचवतो आणि वर उरलेली मळी शेताला मिळते.

गटाने गाडी घ्यायची तर

एका घराला न परवडणारी गाडी दहा घरांना मिळून परवडते, कारण तिच्या सीटा भरतात. हा विचार सरकारलाही पटला आहे. २०१७ साली केंद्राने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. तिच्यात गावाला वाहतुकीची सोय नाही तिथे गटातल्या सदस्याने गाडी चालवायची, आणि तिच्यासाठी संघामार्फत बिनव्याजी कर्ज, साडेसहा लाखांपर्यंतच्या गाडीला. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली. तिच्यात १० टक्के पैसे बाईचे, २० टक्के शासनाचे आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. पहिली चौकशी तालुक्याच्या उमेद कार्यालयात करा आणि दुसरीची जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. आपल्या भागात ती चालू आहे का, हे तिथेच कळेल. एजंटाच्या हाती पैसे देऊ नका.

आणि पाटीकडे बघायला शिका. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे घरगुती गाडी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची. हिरवी पाटी म्हणजे विजेची, तिच्यावर पांढरे आकडे असतील तर घरगुती आणि पिवळे असतील तर भाड्याची. घरगुती गाडीत भाडं घेऊन माणसं बसवली आणि अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मालवाहू छोट्या गाडीत उभ्याने कापूस वेचायला जाणाऱ्या मजूर बायांचं तर हेच रोजचं दुखणं आहे. मुकादमाचं भाडं वाचतं आणि जीव आपला टांगणीला लागतो. अशा गाडीच्या कागदावर माणसांच्या सीटा किती लिहिल्या आहेत, हे विचारायचा हक्क प्रत्येक बाईला आहे. गटाने मिळून परवान्याची गाडी ठरवली तर मजुरीतून माणशी थोडे पैसे जातील, पण सीट मिळेल आणि विमाही राहील.

गाडी कर्जावर असेल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा असतो. कर्ज फिटलं की बँकेकडून ना-हरकत पत्र घेऊन तो उतरवा. आणि सही तुमची असेल तर आरसीवर नावही तुमचं असावं, हे घरात आधीच बोलून घ्या.

आहे तीच गाडी कमी खाईल

नवी गाडी घ्यायची नसेल तरी इंधन वाचतं. टायरमधली हवा पंधरा दिवसांनी तपासा. हवा कमी असली की गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते. ताशी ५०-६० च्या वेगात गाडी सगळ्यात कमी पिते. पाच मिनिटं थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. मागे पडलेलं जड सामान आणि छतावरचं रिकामं कॅरिअर काढून ठेवा. बाजार, बँक, दवाखाना, पंचायत समिती ही कामं एका फेरीत बसवा आणि निघण्याआधी शेजारणीला विचारा, तुम्हालाही यायचं का? एक लिटर पेट्रोल जळलं की हवेत सुमारे सव्वादोन किलो कार्बनचा वायू जातो. न झालेल्या फेरीत पैसाही वाचतो आणि धूरही.

आता पुढच्या बैठकीसाठी काम. गटाच्या वहीत एक पान काढा आणि गाडी घ्यायचं ठरवणाऱ्या सदस्येला सहा प्रश्न विचारा. महिन्याला किती किलोमीटर? बहुतेक वेळा किती माणसं? हप्ता किती आणि हंगाम बुडाला तर तो कुठून भरणार? इंधनाचा पंप किंवा चार्जिंग किती दूर? दुरुस्ती कुठे? आणि आरसीवर नाव कोणाचं? सहा उत्तरं लिहून झाली की गाडी मोठी हवी, लहान हवी की सध्या एसटीच बरी, हे तिला वेगळं सांगावं लागणार नाही. ती स्वतःच सांगेल. आणि मग सही करायची की नाही, हेही तीच ठरवेल.